झाकण आणि विवर : भयपटांच्या ट्रेलरमधील दृश्यसंकेतांचा विचार

१. प्रास्ताविक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या विवरात राहत असे आणि विवराचे तोंड झाकणाने बंद ठेवीत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला आणि पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवून दैत्याचा वध केला. उघडे पडलेले विवर म्हणजे आजचे सरोवर आणि ढाकेफळजवळची टेकडी म्हणजे दूर जाऊन पडलेले झाकण, अशी समजूत आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर याच कथेची साक्ष देते. भूशास्त्राच्या मते हे विवर बसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले आहे आणि त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.

या आख्यायिकेची रचना भयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. झाकण उडताच तिच्यातील भय संपते व वीररस सुरू होतो. दैत्य दिसला, म्हणजे त्याच्याशी लढता येते. भयाला खरा वाव आहे तो झाकण बंद असेपर्यंत. आत कोणी आहे हे ठाऊक आहे, पण कोण आणि कसे आहे हे ठाऊक नाही, अशा अवस्थेत. आख्यायिका या अवस्थेतून वेगाने पुढे जाते. भयपटाचा ट्रेलर मात्र नेमका तेथेच थांबतो. दोन-अडीच मिनिटांत तो प्रेक्षकाला विवराच्या काठावर आणतो, झाकण किंचित हलवितो आणि निघून जातो.

ट्रेलर ही जाहिरात आहे, साहित्यकृती नव्हे, म्हणून मराठीच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाहण्याचे कारण काय, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु ट्रेलर हे एक लघुकथनही आहे. त्याला आरंभ असतो, चढती लय असते आणि हेतुपुरस्सर नाकारलेला शेवट असतो. शिवाय मराठी भयकथेने रूढ केलेल्या अनेक संकेतांचा वापर तो करतो. प्रस्तुत लेखात या दृश्यसंकेतांची मांडणी करून एक मुद्दा सिद्ध करण्याचा प्रयत्न आहे. ट्रेलर भयाचे कारण दाखवून भय निर्माण करीत नाही. कारण झाकून ठेवून त्या जागी तो कोणाला तरी उभे करतो. हे ‘कोणाला तरी’ कोण असते, हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच सामाजिकही आहे.

२. भयानक रसाची चौकट

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, ते आजच्या भयपटाची सामग्री म्हणून जसेच्या तसे मांडता येतील. विकृत आवाज, भूतपिशाचादी सत्त्वांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांमुळे वाटणारा त्रास, ओसाड घर, अरण्यात जाणे, आप्तांच्या वध-बंधनाचे दर्शन किंवा त्यासंबंधीची वार्ता ही त्यांतील प्रमुख होत. अनुभावांत हातापायांचा कंप, डोळ्यांची चंचलता, रोमांच, चेहऱ्याचा रंग उडणे आणि आवाज बदलणे यांचा निर्देश आहे. या रसाचा वर्ण कृष्ण आणि देवता काल मानली आहे.

उत्तरकालीन साहित्यशास्त्राने विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन भेद स्पष्ट केले. ज्याच्यामुळे भाव उत्पन्न होतो ते आलंबन. जो परिसर तो भाव वाढवितो ते उद्दीपन. आणि ज्याच्या ठिकाणी भाव उत्पन्न होतो तो आश्रय. वाघ पाहून वाटसरू घाबरला, तर वाघ हे आलंबन, अरण्य व काळोख ही उद्दीपने आणि वाटसरू हा आश्रय. सामान्य कथनात या तिन्ही घटकांचा परस्परसंबंध उलगडत जातो. ट्रेलरमध्ये मात्र एक घटक जाणूनबुजून वगळलेला किंवा ओझरता ठेवलेला असतो, तो म्हणजे आलंबन. उद्दीपने भरपूर असतात आणि आश्रयाचे अनुभाव अगदी जवळून दाखविले जातात. अरण्य दिसते, वाटसरूचे विस्फारलेले डोळे दिसतात. वाघ दिसत नाही. रिकामी राहिलेली ही जागा प्रेक्षक स्वतःच्या मनातील भयाने भरून काढतो.

अभिनवगुप्ताने साधारणीकरणाच्या विवेचनात घेतलेले उदाहरण येथे आठवते. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून मागे पाहणारे हरिण आहे. त्याचे वर्णन ऐकताना सहृदयाला जे जाणवते ते अमुक हरणाचे अमुक वेळचे भय नसते. देशकालाच्या मर्यादा गळून पडलेले भयच त्याच्या प्रत्ययास येते. मान वळवून मागे पाहणारा चेहरा हा भयपटाच्या ट्रेलरमधील बहुधा सर्वांत रुळलेला शॉट आहे. फरक असा की, नाटकात रथ आणि दुष्यंत रंगभूमीवर आहेत. ट्रेलरमध्ये हरणामागचा रथ चौकटीबाहेर ठेवलेला असतो.

३. दृश्यसंकेतांची व्यवस्था

ट्रेलरमधील संकेतांचे वर्गीकरण स्थूलमानाने पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिला संकेत स्थळाचा. आरंभी एखादे दूरदृश्य येते : रानातील एकुलते घर, ओस गाव, न संपणारा रस्ता. त्यात माणूस फार लहान दिसतो. हे स्थळ सुंदरही असू शकते. किंबहुना आरंभी ते सुंदर असावे अशीच योजना असते. नवे बिऱ्हाड, सुटीचा प्रवास किंवा बाळंतपणाची चाहूल अशा मंगल प्रसंगाने आरंभ झाला की पुढील बिघाड ठळक होतो.

दुसरा संकेत चौकटीबाहेरच्या अवकाशाचा. पात्र एका बाजूला असते आणि चौकटीचा उरलेला भाग रिकामा सोडलेला असतो. सर्वसाधारण चित्रणात असा रिकामेपणा असमतोल मानला जाईल. येथे त्याच रिकाम्या भागाकडे डोळे लागून राहतात. दार अर्धे उघडे असणे, खाटेखालचा काळोख, जिन्याचे वळण हे सर्व या संकेताचेच प्रकार होत.

तिसरा संकेत चेहऱ्याचा. क्लोज-अपमध्ये चेहरा येतो, नजर कोठेतरी खिळते आणि पुढच्या शॉटमध्ये ती कोठे खिळली हे दाखविले जात नाही. संकलनाच्या नेहमीच्या नियमानुसार पाहणाऱ्यानंतर पाहिलेली वस्तू येते. तो नियम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला असल्यामुळेच त्याचा भंग भयकारक ठरतो.

चौथा संकेत प्रकाश आणि रंग यांचा. उजेडाचा उगम लहान ठेवला जातो : कंदील, काडी, विजेरी. या उजेडात जेवढे दिसते त्याहून अधिक दडते. रंग एकतर फिकट केलेले असतात किंवा एकाच रंगाला प्राधान्य देऊन इतर दाबलेले असतात.

पाचवा संकेत लयीचा. शॉट प्रथम लांब असतात आणि हळूहळू तुटक होत जातात. मध्येच पडदा पूर्ण काळा होतो व ध्वनीही थांबतो. ही काळी चौकट कृष्णवर्णाचे अगदी शब्दशः रूप होय. शेवटी चित्रपटाचे नाव येते, प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो आणि त्याच क्षणी एक अखेरचा धक्का दिला जातो. नावानंतर येणारा हा धक्का आता इतका रूढ आहे की, तो न देणे हाच एखाद्या वेळी नवा संकेत ठरावा.

या संकेतांचा विकास पाहण्यासाठी पाश्चात्त्य चित्रपटांतील तीन प्रसिद्ध ट्रेलरांकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. ‘सायको’च्या (१९६०) सहा मिनिटांहून मोठ्या ट्रेलरमध्ये आल्फ्रेड हिचकॉक स्वतः वाटाड्याप्रमाणे प्रेक्षकाला मोटेल आणि घर दाखवीत फिरतो, घडलेल्या गोष्टींविषयी अर्धवट बोलतो आणि अखेरीस न्हाणीघराचा पडदा सर्रकन बाजूला सारताच किंकाळी ऐकू येते. ‘एलियन’च्या (१९७९) ट्रेलरमध्ये अंड्यासारख्या वस्तूचे कवच तडकते आणि संवाद जवळजवळ नाहीत. ‘द शायनिंग’च्या (१९८०) ट्रेलरमध्ये लिफ्टच्या बंद दारांचा एकच स्थिर शॉट आहे. त्यावरून नावे सरकत जातात आणि नंतर दारांतून रक्ताचा लोंढा येऊन सर्व दृश्य झाकून टाकतो. पडदा, कवच आणि दार या तिन्ही वस्तू स्वतः भयावह नाहीत. त्या झाकणे आहेत. या ट्रेलरांनी राक्षसाऐवजी झाकणाचे चित्रण केले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

४. मराठी भूमी आणि मराठी भयकथा

संकेतांची व्यवस्था सार्वत्रिक असली तरी झाकण कशाचे करावयाचे हे प्रत्येक भूमी ठरविते. हिंदीत रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) ते ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) या काळात हवेली, तळघर व शवपेटी यांचा संकेतव्यूह रूढ केला. त्यात शवपेटीसारख्या वस्तू बाहेरून आलेल्या होत्या, आणि राक्षस उघडपणे दाखविण्याकडे त्यांचा कल होता. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांनी वेगळी वाट घेतली होती. धारपांनी ‘लुचाई’सारख्या कादंबरीत स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आधार घेतला, तरी भय मराठी घरात, मराठी माणसांच्या नात्यांत आणून वसविले. मतकरींच्या कथांत तर भयाचे मूळ पुष्कळदा माणसाच्या मनातच सापडते. वाडा, माजघर, विहीर आणि म्हातारे माणूस यांना भयाची चिन्हे म्हणून जी ओळख आहे, ती घडविण्यात या वाङ्मयाचा वाटा मोठा आहे.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (१२ ऑक्टोबर २०१८) हा चित्रपट या परंपरेशी थेट जोडलेला आहे. त्याची भाषा हिंदी असली तरी भूमी कोकणाची आहे, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देते आणि त्याची प्रेरणा धारपांच्या कथेत आहे. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात असताना एका मित्राने ती कथा सांगितल्याचे बर्वे यांनी नमूद केले आहे. एका विदर्भातील अरण्यात सांगितली गेलेली कथा पंचवीस वर्षांनी कोकणातल्या वाड्यात उभी राहिली. भरताने सांगितलेले अरण्य आणि ओसाड घर हे दोन विभाव येथे असे एकत्र आले आहेत.

या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाचा प्रभाव प्रथम जाणवतो. अखंड पाऊस, ओल धरलेला वाडा, कंदिलाचा अपुरा उजेड, आणि या करड्या जगाच्या पोटात दडलेला लाल गर्भ. पाऊस हा मराठी काव्यात आनंदाचा, सृजनाचा संकेत आहे. येथे तो शापाचा संकेत होतो. दोरीने खाली उतरणारा माणूस हे या ट्रेलरचे मध्यवर्ती चित्र म्हणता येईल. लोणारच्या आख्यायिकेत देव झाकण उडवून दैत्याला मारतो. ‘तुंबाड’मध्ये माणूस सोन्याच्या नाण्यांसाठी पुनःपुन्हा स्वतःच विवरात उतरतो. म्हणजे हस्तर हे येथील भयाचे दर्शनी आलंबन असून खरे आलंबन लोभ आहे. १३ सप्टेंबर २०२४ रोजी चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा कथा ठाऊक असलेले प्रेक्षकही मोठ्या संख्येने आले. गुपित माहीत झाल्यावरही भय उरते, याचा अर्थ ते गुपितावर अवलंबून नव्हते, असाच होतो.

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (१४ जुलै २०१७) या मराठी चित्रपटात वाड्याचे स्थान उसाच्या शेताने घेतले आहे. गरोदर नायिका (पूजा सावंत), एकाकी घर, घरातील वयस्क स्त्री (उषा नाईक) आणि भोवती माणसाच्या उंचीहून उंच वाढलेला ऊस. ऊस हे समृद्धीचे, सहकाराचे, मराठी ग्रामीण कादंबरीतील संघर्षाचे चिन्ह आहे. येथे तो पडदा होतो. एका ओळीपलीकडची ओळ दिसत नाही, आवाज येतो पण दिशा कळत नाही. शेत हे चौकटीबाहेरच्या अवकाशाचे नैसर्गिक रूप बनते. बुलढाणा जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील विद्यार्थ्याला उसाचे रान तितके परिचित नसेल, पण उभ्या ज्वारीत किंवा तुरीच्या ओळींत हरवण्याचा अनुभव त्याला आहे, आणि बोथ्याच्या जंगलातून रात्री जाणारा रस्ताही त्याला ठाऊक आहे. संकेत समजण्यासाठी तेच पीक लागत नाही; दृष्टी अडण्याचा अनुभव पुरेसा असतो. २०२१ मध्ये याच दिग्दर्शकाने ही कथा ‘छोरी’ या नावाने हिंदीत आणली, तीही ऊस न सोडता.

५. आश्रय आणि आलंबन : स्त्रीची दुहेरी नेमणूक

येथपर्यंतचे विवेचन संकेतांच्या कार्यासंबंधी झाले. आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे. आलंबन झाकल्यानंतर त्याच्या जागी कोण उभे केले जाते?

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक रसाचा संबंध स्त्रिया आणि ‘नीच प्रकृती’ची पात्रे यांच्याशी जोडला आहे. भिणे हे त्यांचे काम, अशी त्यामागील धारणा आहे. भयपटाच्या ट्रेलरने ही धारणा टिकवून ठेवली, कारण किंचाळणारा चेहरा अजूनही बहुधा स्त्रीचाच असतो. पण त्याने आणखी एक पाऊल टाकले. ज्याची भीती वाटावयाची ते रूपही त्याने स्त्रीलाच दिले. मोकळे केस, पांढरे किंवा मळके लुगडे, घुमणारे शरीर, बदललेला आवाज, वळलेली मान ही चिन्हे आता स्पष्टीकरणाशिवाय भीती निर्माण करतात. आश्रय स्त्री आणि आलंबनही स्त्री अशी ही दुहेरी नेमणूक आहे.

या चिन्हांकडे बारकाईने पाहिले असता एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. भरताने जे अनुभाव घाबरलेल्या माणसाचे म्हणून सांगितले, ते कंप, चंचल नेत्र आणि स्वरभेदच येथे घाबरविणाऱ्याची लक्षणे झाले आहेत. म्हणजे ज्या व्यक्तीच्या शरीरावर भय व यातना उमटलेल्या आहेत, तिलाच भयाचे कारण ठरविले जाते. ‘तुंबाड’मधील साखळदंडाने बांधलेली आजी हे याचे मोठे उदाहरण होय. चित्रपट संपूर्ण पाहिला तर ती लोभाची बळी आहे हे कळते. दोन मिनिटांच्या कथनात मात्र हे कळण्यास अवकाश नसतो. तेथे ती केवळ भयाचे चिन्ह म्हणून उरते.

‘लपाछपी’चे महत्त्व या संदर्भात वेगळे आहे. या चित्रपटाच्या प्रसिद्धीने रूढ संकेतच वापरले, कारण प्रेक्षक चित्रपटगृहात येण्यासाठी ते आवश्यक होते. परंतु चित्रपटात प्रवेश केल्यावर कळते की, दिसणारी बाई आणि मुले ही आलंबन नाहीत. ती मारली गेलेली माणसे आहेत. खरे आलंबन म्हणजे मुलीचा जन्म नको असलेले घर, तिचा जीव घेणारी आणि ते लपविणारी रीत. आलंबन म्हणून दाखविलेली स्त्री शेवटी आश्रय ठरते. झाकण उडते तेव्हा विवरात दैत्य नव्हे, तर कुटुंब सापडते. संकेत मोडून नव्हे, तर त्यांचा पूर्ण वापर करून त्यांचा अर्थ उलटविणे, हे या कृतीचे यश म्हटले पाहिजे.

६. संकेत आणि जगणे

हा भेद केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. अनेक कुटुंबे मनाने आजारी असलेल्या आपल्या माणसांना घेऊन दूरदूरहून तेथे येतात. औषधोपचार परवडत नाहीत किंवा पोहोचत नाहीत, आणि आशा सोडवत नाही. अशा परिसरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने मोकळ्या केसांची, घुमणारी बाई ट्रेलरमध्येही पाहिलेली असते आणि एस.टी.च्या बाकावर आपल्या आईशेजारीही. पहिल्या चित्राने शिकविलेली भीती तिने दुसऱ्या स्त्रीवर लादली, तर नुकसान त्या स्त्रीचे होते.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे व मारहाण करणे यांचा समावेश प्रारंभीच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. कायद्याच्या भाषेत साखळी हा बांधणाऱ्याच्या अपराधाचा पुरावा आहे. ट्रेलरच्या भाषेत ती बांधलेल्याच्या भयंकरपणाचा पुरावा ठरते. एकाच वस्तूचे हे दोन अर्थ परस्परविरोधी आहेत, आणि कोणता अर्थ प्रथम मनात रुजतो याला महत्त्व आहे.

याचा अर्थ भयपट त्याज्य आहेत असा नव्हे. भय हा स्थायी भाव आहे; तो कलेत यावयाचाच. त्यावर बंदी घालून मनातील विवर बुजत नाही. अभ्यासकाने करावयाचे काम वेगळे आहे. ट्रेलरमधील प्रत्येक संकेतास तीन प्रश्न विचारता येतील : येथे भीत कोण आहे? भीती कोणाची वाटावी असे सुचविले आहे? आणि ज्याची वाटावयास हवी, तो चौकटीत आहे काय? पदव्युत्तर वर्गात रससिद्धान्त शिकविताना भयानक रसाला बहुधा एक-दोन परिच्छेदच वाट्याला येतात. ‘तुंबाड’ आणि ‘लपाछपी’ यांचे ट्रेलर व पूर्ण चित्रपट शेजारी ठेवून हे तीन प्रश्न विचारले, तर आश्रय आणि आलंबन या संज्ञा पाठांतरातून बाहेर येतील.

७. समारोप

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. लवणासुराचे रक्त म्हणजेच हे पाणी, अशी परंपरागत कल्पना असल्याने काहींना त्यात अशुभाची चाहूल लागली असल्यास नवल नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारयुक्त पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य धारण करणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे आढळले. कारण कळल्याने त्या दृश्याचे आश्चर्य कमी झाले नाही; फक्त भीती योग्य जागी गेली.

भयपटांच्या ट्रेलरविषयीही हेच म्हणता येईल. त्यातील संकेत ओळखल्याने भयाचा आस्वाद नाहीसा होत नाही. मात्र झाकणाला दैत्य समजण्याची चूक टळते, आणि विवराच्या काठावर ज्या स्त्रीला दैत्य म्हणून उभे केले गेले, तिच्याकडे माणूस म्हणून पाहण्यास अवसर मिळतो.